कुत्र्याला दात किती?

माझ्या डाव्या पोटरीवर दातांच्या चार खुणा आहेत. १९८० च्या सुमाराची गोष्ट. मी नऊ वर्षांचा होतो आणि जुन्नरच्या आमच्या गल्लीतून बेकरीतले गरम पाव घेऊन घरी येत होतो. कुत्र्याला पाव हवे होते, मी दिले नाहीत, एवढाच आमचा वाद. दवाखान्यात नेल्यावर कंपाउंडरने अब्बांना दोनच प्रश्न विचारले. दात लागला की नख? आणि कुत्रं कुणाचं आहे? मग बेंबीभोवती चौदा सुया घ्यायचं ठरलं. वर सांगण्यात आलं की दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा, मेलं तर लगेच कळवा.

त्या दहा दिवसांत त्या कुत्र्याला जेवढं जपलं गेलं तेवढं त्याला आयुष्यात कुणी जपलं नसेल. अम्मी रोज सकाळी एक चपाती माझ्या भावाच्या हाती देऊन त्याच्यासाठी पाठवायची आणि भाऊ परत आला की विचारायची, “खाल्ली ना?” कुत्रं खात होतं म्हणजे मी वाचणार होतो. त्याच्या तोंडाकडे आमचं सगळं घर असं डोळे लावून बसलं होतं.

ती चौदा सुयांची लस मेंढीच्या मेंदूपासून तयार होत असे. डेव्हिड सेंपल या ब्रिटिश लष्करातल्या डॉक्टरने ती १९११ साली कसौलीला सिद्ध केली. आपल्या देशात तिचं उत्पादन थेट २००४ च्या अखेरीपर्यंत चालू होतं, हे सांगितलं तर आजच्या पोरांना खरं वाटत नाही. त्याही आधी, ६ जुलै १८८५ रोजी, पॅरिसला लुई पाश्चर यांनी कुत्रं चावलेल्या ज्या पहिल्या मुलाला लस टोचली, त्या जोसेफ माइस्टरचं वयही नऊच होतं. हे मला फार पुढे, वाचायला लागल्यावर कळलं आणि उगाचच त्या पोराशी नातं जडल्यासारखं वाटलं.

कुत्र्याच्या दातांशी माझी ओळख अशी उलट्या बाजूने झाली. पुढे बी.ए. झालो, कविता करू लागलो, आणि कवितेवर चूल पेटत नाही म्हणून एका पतसंस्थेत वसुलीच्या कामाला लागलो. तीस वर्षं जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतले मळे पालथे घातले. ओतूर, आळे, बेल्हे, पिंपळवंडी, इकडे मंचर, घोडेगाव. मळ्यातल्या घराला घंटा नसते, कुत्रं असतं. वसुलीवाल्याची गाडी त्याला आवाजावरून ओळखू येते. एवढ्या कुत्र्यांनी माझ्याकडे बघून दात विचकले आहेत की कुत्र्याच्या दातांविषयी आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती.

ती समजूत मोत्याने उतरवली.

मोत्या आमचा कुत्रा. घर गावाबाहेर, पलीकडे ऊस. रंगाने पांढरा म्हणून मोत्या. दातांशी त्या नावाचा काही संबंध नाही. २०२२ च्या पावसाळ्यात त्याच्या डाव्या डोळ्याखाली सूज आली. कुणी म्हणालं गांधीलमाशी चावली, कुणी म्हणालं बाभळीचा काटा लागला. मी हळद लावली. सूज फुटली, पू गेला, जखम भरली. महिन्याभराने त्याच जागी पुन्हा फुगली. जवळच्या डॉक्टरांनी डोळ्यात घालायचं मलम दिलं, ते घातलं. असं तीन-चार वेळा झालं. दरम्यान मोत्याने भाकरी सोडली. दुधात कुस्करून दिली तरच खायचा. आम्ही म्हटलं, म्हातारपणाचे चोचले आहेत. रात्री भुंकायचाही तो कमी झाला. उसाच्या कडेला राहणाऱ्याला कुत्र्याचं भुंकणं म्हणजे काय ते सांगायला नको. तरीही आम्ही म्हटलं, आळशी झालाय. तोंडाला वास यायचा. कुत्र्याच्या तोंडाला वास येणारच, त्यात काय!

मग पुण्याहून माझी भाची सुट्टीला आली. तिने नाकाला ओढणी लावली आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला दोघांनाही गाडीत घालून पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मोत्याच्या डोळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अंगठ्याने त्याचा वरचा ओठ उचलला आणि म्हणाल्या, “हे डोळ्याचं नाही, दाढेचं आहे.” कुत्र्याच्या वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना एकेक मोठी दाढ असते, मांस कातरायची. तिला तीन मुळं असतात आणि ती थेट डोळ्याखालच्या हाडापर्यंत जातात. मोत्याची दाढ चिरली होती. चिरेतून आत घाण गेली, मुळाशी पू झाला आणि त्याने डोळ्याखालून वाट काढली. वरून कितीही हळद लावली तरी ती जखम बरी होणार नव्हती.

“दाढ कशाने चिरली?” मी विचारलं.

“हाडाने. शिजवलेलं, टणक हाड देत असाल.”

देत होतो. बकरी ईदला तर खास राखून ठेवत होतो, प्रेमाने.

त्यांनी मग अगदी सहज विचारलं, “याचं तोंड शेवटचं कधी उघडून बघितलं होतं?” मोत्या आठ वर्षांचा होता. मी आठवून बघितलं. एकदाही नाही.

दाढ काढली. मोत्या चार दिवसांत भाकरीवर आला. तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. मला इतिहासाचा नाद आहे, तो पदवीचा नाही, हौसेचा. मी शोधू लागलो की आपल्या मुलखात कुत्र्याचं तोंड उघडून कुणी कधी बघितलं होतं का?

पहिल्यांदा वराहमिहिराकडे गेलो. सहाव्या शतकातल्या त्याच्या ‘बृहत्संहिते’त माणसांपासून कोंबड्यापर्यंत सगळ्यांची लक्षणं सांगितली आहेत. घोड्याच्या प्रकरणात तो दातांवर थांबतो. दात पांढरे असले तर शिंगरू, मग रंग कसा पालटतो, त्यावरून वय किती धरायचं, सगळं नीट दिलेलं आहे. तोच माणूस कुत्र्याकडे वळतो तेव्हा काय बघतो? पायाची नखं किती, ओठ आणि नाकाचा शेंडा तांबूस आहे का, चाल सिंहासारखी आहे का, शेपटी झुपकेदार आहे का, डोळे अस्वलासारखे, कान मऊ आणि लोंबते आहेत का. असा कुत्रा ज्याच्या घरी, त्याला लक्ष्मी लाभते. ओठापर्यंत येऊन वराहमिहिर थांबला. ओठ उचलला नाही.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘सारमेयविनोद’ आहे, म्हणजे कुत्र्यांकडून शिकार. शिकार होते ती दातांनीच. पण तिथेही कुत्रं हे राजाचं हत्यार आहे. हत्याराला धार असते, दुखणं नसतं.

घोड्याला आणि कुत्र्याला वेगवेगळा न्याय का, याचं उत्तर मला ग्रंथात नाही, बेल्ह्याच्या बाजारात मिळालं. बैलबाजारात उभं राहून बघा. गिऱ्हाईक आलं की आधी बैलाचं नाक धरून ओठ वर करतं. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला. केवढी ही शब्दांची श्रीमंती! दातागणिक किंमत बदलते, म्हणून प्रत्येक दाताला नाव आहे. गाय फुकट मिळाली तर दात विचारू नयेत म्हणून आपल्याकडे ‘धर्माच्या गायी, दात का गं नाही’ अशी म्हण झाली. म्हणजे विकतच्या गायीचे दात मोजायचेच. कुत्रं कुणी विकत घेत नव्हतं. पिल्लू शेजाऱ्याकडून आणायचं किंवा ते आपणहून दाराशी येऊन बसायचं. ज्याला भाव नाही त्याचे दात कोण मोजणार?

आणि मराठी भाषेचं बघा. कवी म्हणून मला याची गंमत वाटते आणि थोडी लाजही. आपल्या भाषेत कुत्रं दात विचकतं, दात दाखवतं, दात रोवतं, त्याचा दात लागतो. प्रत्येक क्रियापद आपल्या अंगावर येणारं. ‘दाढ दुखते’ म्हटलं की दाढ माणसाचीच असणार. कुत्र्याच्या दाढेला दुखायची सोय भाषेनेच ठेवलेली नाही.

आमच्या घरात कुत्र्याच्या तोंडाबद्दल एकच गोष्ट पक्की माहीत होती, ती म्हणजे लाळ. दादी सांगायची, कुत्र्याने भांडं चाटलं तर सात वेळा धुवायचं, त्यातल्या एका वेळी मातीने. हदीस आहे. म्हणून कुत्रं ओट्याच्या खाली आणि त्याची थाळी वेगळी. यात द्वेष नव्हता. दादीच मला त्या तहानलेल्या कुत्र्याची गोष्टही सांगायची, ज्याला एका माणसाने विहिरीत उतरून आपल्या पायताणात पाणी भरून पाजलं आणि त्याचे गुन्हे माफ झाले. पण तोंडाला हात लावायचा नाही म्हणजे नाही. पुढे वाचताना लक्षात आलं की कुराणातच शिकवलेल्या कुत्र्याने धरून आणलेली शिकार खायला मोकळीक आहे. कुत्र्याने ती दातांत धरायची, स्वतः खायची नाही. यावरूनच इमाम मालिक यांच्या परंपरेत लाळ अपवित्र मानत नाहीत. कुत्र्याने तोंडात धरलेलं खायचं आणि लाळेला नाक मुरडायचं हे त्यांना पटलं नाही. दादीला हे सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तरी तिने भांडं सात वेळाच धुतलं असतं.

एक बाजूची आठवण सांगतो. जुन्नर एके काळी हातकागदासाठी नावाजलेलं होतं. आमचे कागझी लोक कागद गुळगुळीत दगडाने घोटून चकचकीत करत. युरोपात पोथीवरचं सोनं घोटायला कुत्र्याचा दात चालतो, असं चेन्निनो चेन्निनी नावाच्या इटालियन चित्रकाराने सहाशे वर्षांपूर्वी आपल्या हस्तपुस्तिकेत लिहून ठेवलं आहे. कुत्रं मेल्यावर का होईना, त्याच्या दाताचं कौतुक कुणीतरी केलं!

मेल्यावरचीच गोष्ट निघाली तर इनामगावची सांगितली पाहिजे. आमच्या आंबेगावातून वाहणारी घोडनदी पुढे शिरूर तालुक्यात जाते. तिच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. धवलीकर, सांकलिया आणि अन्सारी ही त्यातली मोठी नावं. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती सापडली. घरं, धान्याची पेवं, अंगणात पुरलेली मुलं. तिथल्या माणसांच्या दातांवर स्वतंत्र अभ्यास झाला; दात किती झिजले, किती किडले, यावरून ते लोक काय खात होते ते सांगता आलं. जनावरांच्या हाडांत कुत्र्याचीही हाडं आहेत. म्हणजे घोडनदीच्या काठी कुत्रं आपल्या दाराशी तीन हजार वर्षं बसलेलं आहे. एवढा जुना शेजार.

या शेजाऱ्याच्या दातांची सरकारदरबारी नोंद झाली ती भीतीपोटी. १८३२ सालची मुंबईची दंगल आपल्या शाळेच्या पुस्तकांत नाही. इंग्रज सरकार उन्हाळ्याच्या दिवसांत भटकी कुत्री मारायला लावत असे आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस देत असे. त्या वर्षी मारण्याची मुदत वाढवली. बक्षिसाच्या लोभाने माणसं पाळलेली कुत्रीही ओढून न्यायला लागली. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. मयताला शेवटची नजर कुत्र्याची देतात. जून महिन्यात पारशी रस्त्यावर उतरले. त्यांना हिंदू, जैन आणि इस्माइली मुसलमानही मिळाले, बाजार बंद झाले आणि कोटातल्या गोऱ्या साहेबांच्या घरी दूध-पाव पोचेना. कुत्र्यांसाठी एवढे सगळे धर्म एका बाजूला आलेले मी तरी दुसरीकडे वाचलेले नाहीत.

पण मला त्या दंगलीपेक्षा आमच्या गल्लीतला एक दिवस जास्त आठवतो. मी सहावीत होतो. एक तपकिरी कुत्रं तोंडातून लाळ गाळत, जबडा लोंबता ठेवून, भेलकांडत गल्लीत आलं. मधेच बसून पुढच्या पंज्याने तोंड खरवडत होतं. “पिसाळलं!” कुणीतरी ओरडलं. दारं लागली, काठ्या निघाल्या. पाच मिनिटांत सगळं संपलं. मीही ओट्यावरून एक दगड मारला होता. लागला की नाही ते आठवत नाही. लागला नसावा, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. संध्याकाळी नगरपालिकेचा माणूस कुत्रं न्यायला आला. ओढताना त्याचं तोंड उघडं पडलं तेव्हा त्याने वाकून बघितलं आणि काडीने आतून काहीतरी उचकटून काढलं. हाड होतं. वरच्या दोन दाढांमध्ये, टाळूला आडवं अडकलेलं. त्याने ते सगळ्यांना दाखवलं. कुणी काही बोललं नाही. ते हाड कुणाच्या घरचं, हेही कुणी विचारलं नाही.

हाड अडकलेलं कुत्रं आणि पिसाळलेलं कुत्रं लांबून सारखंच दिसतं, हे कुठलाही जनावरांचा डॉक्टर सांगेल. अशा कुत्र्याच्या तोंडात आपण हात घालायचा नाही, हेही तो लगेच सांगेल, आणि ते बरोबरच आहे. रेबीज झाला की माणूस वाचत नाही. भीती खोटी नव्हती. २००१ च्या नियमांनी भटकी कुत्री मारणं थांबलं आणि नसबंदी-लसीकरण आलं, ते कागदावर तरी बरं झालं. पण एवढं खरं की दीड-दोनशे वर्षं सरकारने आणि गल्लीने कुत्र्याच्या दातांचा जो विचार केला, तो आपल्याला चावण्यापुरता केला.

डॉक्टरही त्याच वाटेने आले. मुंबईला परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली निघालं. घोडे आणि गुरं ही तेव्हाची निकड, आणि गावात पुढेही तीच राहिली. आमच्याकडे जनावराचं तोंड उघडतात ते लाळ्या-खुरकूत आली की. गायीच्या तोंडातले फोड शेतकरी स्वतः धुतो, तुरटीच्या पाण्याने. दुधाचा पगार गायीच्या तोंडावर चालतो. कुत्र्यासाठी डॉक्टर कुठून असणार? माणसांसाठीसुद्धा एके काळी इथे घाट ओलांडून डॉक्टर आणावा लागला आहे. १६७५ साली जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून मुंबईहून इकडे आला होता. जगातही कुत्र्याच्या दातांचं शास्त्र तसं कोवळंच आहे. लंडनला जेम्स स्प्रॅटने कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली ती १८६० च्या दशकात. जनावरांच्या दंतवैद्यांना अमेरिकेत वेगळ्या शाखेची मान्यता मिळाली ती १९८८ साली.

जुन्नरकरांनी कुत्र्याची काळजी घेतलीच नाही असं मात्र कुणी समजू नये. ती गळ्याची घेतली. कुकडीची धरणं झाली, ऊस आला, उसात बिबट्या वसला. २००१ ते २००३ या काळात माणसांवर इतके हल्ले झाले की जुन्नरचं नाव त्यासाठी देशभर झालं, आणि माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र उभं राहिलं. बिबट्याचं मुख्य खाणं काय? शेजारच्या अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने त्यांच्या खाण्यात ८७ टक्के पाळीव आणि गावठी जनावरं निघाली, त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. म्हणून धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात पहिल्यापासून खिळ्यांचा पट्टा दिसतो. बिबट्या मान धरतो, त्याच्या तोंडात खिळे घुसले पाहिजेत. २०२५ च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला शेतात जाणाऱ्या बायामाणसांनीच गळ्यात तसे पट्टे घातलेले आपण फोटोत बघितले. तो फोटो बघून माझा हात गळ्याकडे गेला होता. ज्या पट्ट्याकडे तीस वर्षं मी कुत्र्याची वस्तू म्हणून बघत आलो, तो आता आमच्या मापाचा निघत होता.

मोत्याची दाढ निघाल्यावर मी एक चाळा सुरू केला. वसुलीला जाईन तिथे विचारायचं, “तुमच्या कुत्र्याला दात किती?” हप्त्याचा विषय काढण्यापेक्षा हा प्रश्न लोकांना बरा वाटायचा. पिंपळवंडीच्या एका आजी म्हणाल्या, “आसतील तीस-बत्तीस, आपल्यावानी.” आळेफाट्याच्या हॉटेलवाल्याने चार बोटं दाखवली, “ह्ये चारच कामाचे.” म्हणजे सुळे. एका द्राक्षबागायतदार पोराने खिशातून मोबाइल काढला आणि त्यात बघून सांगितलं. घोडेगावच्या एका बाईंनी मला उलट विचारलं, “का हो, कुत्र्यांनापण आता कर्ज देणार का?”

बरोबर उत्तर ४२ आहे. वर २०, खाली २२. दुधाचे २८, ते सहा-सात महिन्यांत पडून जातात आणि बहुतेक गिळलेच जातात, म्हणून आपल्याला दिसत नाहीत. कुत्र्याचे दात आपल्यासारखे सहसा किडत नाहीत. त्यांचं दुखणं हिरड्यांचं. दातावर थर बसतो, त्याचं कीटण होतं, हिरडी सुजते, दात हलतो. तीन वर्षांपुढच्या बहुतेक कुत्र्यांना हे थोडंफार असतंच, असं डॉक्टर सांगतात. आपण प्रेमाने चारतो ती ग्लुकोजची बिस्किटं दाताला चिकटून बसतात. आणि कुत्रं बोलत नाही, एवढंच नव्हे, तर दुखतंय हे दाखवतही नाही. चावता आलं नाही तर गिळतं. थाळी रिकामी झाली की मालक निश्चिंत. मीही आठ महिने निश्चिंत होतो.

माझी भाची पुण्यात तिच्या छोट्या कुत्र्याचे दात ब्रशने घासते. चिकनच्या चवीची त्यांची वेगळी पेस्ट येते. आपली पेस्ट चालत नाही, कुत्रं चूळ भरत नाही, गिळतं. आणि काही पेस्टमधला झायलिटॉल नावाचा गोडवा कुत्र्याला विषच आहे. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हसलो होतो, त्यावर एक वात्रटिकाही केली होती. ती वात्रटिका आता मी कुठे वाचत नाही. तरी मोत्याचे दात घासायला मला जमलेलं नाही, हेही कबूल करतो. आठवड्यातून एकदा ओठ उचलून बघतो. त्याला ते आवडत नाही, पण तो सहन करतो. हाडं बंद केली.

पुण्याहून मोत्याला घेऊन आलो त्या रात्री बिलाचा आकडा ऐकून बायको गप्प बसली. आमच्या घरात दखनी बोलतात, ती जे म्हणाली ते मराठीत असं, “माझी दाढ दोन वर्षं ठणकतेय. मी लवंग धरून बसते. मला नेलंत कधी पुण्याला?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे आमच्या पिढीने स्वतःच्या दातांकडे तरी कधी बघितलं? राखुंडी, माकडछाप काळी पावडर, बाभळीची काडी, अब्बांचं मिसवाक. बायकांची मिश्री, पुरुषांची तंबाखू. हलला तर दोऱ्याने पाडला, दुखला तर लवंग. कुत्र्याच्या तोंडाबद्दलची आमची बेफिकिरी खास कुत्र्यासाठी राखून ठेवलेली नव्हती, ती घरचीच होती. पुढच्या आठवड्यात बायकोला नारायणगावला नेलं. दाढ वाचली, रूट कॅनाल झालं. ती आता अधूनमधून मोत्याला म्हणते, “तुझ्यामुळे झालं रे माझं काम.”

गेल्या हिवाळ्यात पारगावजवळ मोकळ्या रानात धनगरांचा वाडा बसला होता. त्यातले एक तात्या माझ्या ओळखीचे, कर्जाशिवायच्या ओळखीचे. त्यांच्याकडे दोन कुत्री, खिळ्यांच्या पट्ट्यांची. चहा पिताना मी मोत्याची सगळी कथा सांगितली. तात्या खूप हसले. “आवं भाई, कुत्र्याच्या तोंडात कशाला बगायचं? पिल्लू घेताना टाळू बगायची. काळी आसली की कुत्रं तिखाट निगतं. मग पुन्यांदा काय काम न्हाय तिथं.”

मी म्हटलं, “दात किती असतात, तात्या?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. पन्नास वर्षं कुत्र्यांच्या राखणीत झोपलेला माणूस. मग त्यांनी शीळ घातली, थोरला कुत्रा येऊन पायाशी बसला. तात्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, अंगठ्याने ओठ वर केला, मेंढरं मोजतात तसं बोट टेकवत मोजायला लागले. एक बाजू झाली, पुढचे झाले. मागे गेले तेव्हा त्यांचं बोट थांबलं. मान वाकडी करून त्यांनी आत बघितलं, हातातली बॅटरी मला दिली आणि म्हणाले, “हितं धरा बरं जरा.”

मी उजेड धरला. कुत्र्याने दोघांकडे बघितलं आणि तोंड मिटून घेतलं.

“किती झाले?” मी विचारलं.

“सव्वीस झाले व्हते,” तात्या म्हणाले आणि त्यांनी पुन्हा त्याच्या ओठाला हात घातला.